बारा वाजले होते, शर्यत संपली नव्हती
तापीकाठच्या एका डांबरी रॅली टप्प्याचा प्रकरण अभ्यास

त्या रविवारी सकाळपासून गेलेली लाइन ११ वाजून ५२ मिनिटांनी आली. खानदेशात ‘लाइन’ म्हणजे शेतीच्या फीडरवरची थ्री-फेज वीज. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा असते, काही दिवस रात्री, आणि हरभरा, गहू, केळी यांचं सगळं तिच्या वेळापत्रकावर चालतं. लाइन आली की माणूस जेवणावरून उठतो आणि विहिरीकडे निघतो.

त्याच वेळी त्या शिवारातल्या डांबरी रस्त्यावर कार रॅलीच्या गाड्या दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटत होत्या. रस्ता कायदेशीररीत्या बंद होता. परवानगी, रुग्णवाहिका, अग्निशामक बंब, चौदा मार्शल चौक्या, सगळं जागेवर होतं. तरीही १२ वाजून ४ मिनिटांच्या सुमारास एक मोटारसायकल आणि ताशी शंभराच्या वेगातली एक गाडी एकाच बिंदूकडे येत होती. कुणाला काही झालं नाही. पण का झालं नाही, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात आमच्या आराखड्याचा वाटा फार थोडा होता. त्या टप्प्याची सुरक्षा माझ्याकडे होती. गावाचं आणि आयोजक क्लबचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. चोपडा तालुक्याचा, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याच्या दक्षिणेला तापीकडे उतरणारा भाग, एवढं पुरे.

डांबरच का

भारतात रॅली म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धूळ येते. आपल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचे बरेच टप्पे कच्च्या रस्त्यांवर, मळ्यांमधून किंवा माळरानातून जातात. डांबरी रॅलीची परंपरा युरोपातली. कॉर्सिका बेटावरची रॅली ‘दहा हजार वळणांची’ म्हणून ओळखली जाते. आयर्लंडमध्ये कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यांवर टप्पे होतात. बेल्जियमच्या ईपर्समध्ये १९६५ पासून सपाट शेतजमिनीतल्या रस्त्यांवर रॅली होते. आम्ही नमुना म्हणून ईपर्सच डोळ्यांपुढे ठेवलं होतं. तिथेही दोन्ही बाजूंना शेत, कडेला खोल चर आणि प्रत्येक वळणावर आतल्या कडेची माती.

रॅली आणि सर्किटवरची शर्यत यांत मूलभूत फरक आहे. रॅलीत गाड्या एकमेकींशी थेट झुंजत नाहीत. एकेक गाडी वेगळी सुटते, घड्याळाविरुद्ध धावते, आणि सगळ्या ‘स्पेशल स्टेज’, म्हणजे बंद रस्त्यावरचे वेळ मोजले जाणारे टप्पे, मिळून ज्याची वेळ सर्वांत कमी तो जिंकतो. एका टप्प्यापासून दुसऱ्याकडे जाताना त्याच गाड्या साध्या रहदारीत, साध्या नियमांनी चालतात. शेजारच्या आसनावरचा सहचालक आधीच्या रेकीत, म्हणजे पाहणीच्या फेरीत, लिहिलेल्या टिपणांवरून पुढचं वळण किती तीव्र, किती लांब, हे वाचून सांगतो. चालकाला जे दिसत नाही ते सहचालकाच्या वहीत असतं. आणि वहीत जे नसतं ते त्या दोघांच्याही दृष्टीने रस्त्यावर नसतं.

कच्च्या रस्त्यावर पहिली गाडी सुटे खडे बाजूला सारते, म्हणून मागच्यांना पकड चांगली मिळते. डांबरावर उलट होतं. पहिल्या गाडीला रस्ता स्वच्छ मिळतो. मग प्रत्येक चालक वळण ‘कापतो’, म्हणजे आतलं चाक साइडपट्टीवर घालून वळण सरळ करतो, आणि तिथली माती-खडी डांबरावर ओढून आणतो. दहाव्या गाडीपर्यंत त्या वळणाचा स्वभावच बदललेला असतो.

आपली काळी माती यात स्वतःची भर घालते. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन रस्त्याच्या कडा सतत मोडत असते. ग्रामीण रस्ता बहुतेक पावणेचार मीटर रुंदीचा. त्याच्या कडेला डांबर संपून साइडपट्टी वीतभर खाली गेलेली. कोरडी असताना तिथली ढेकळं फुटून डांबरावर भुकटी पसरते, आणि ओली असेल तर साबण.

वेगाचा हिशोब इथेच मांडतो. कोरड्या, स्वच्छ डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.८ धरला, तर ताशी १०० किलोमीटरच्या वेगातून थांबायला ४९ मीटर लागतात. ओल्या मातीने तो ०.४ वर आला की ९८ मीटर. वेग १४० असेल तर हेच आकडे ९६ आणि १९३ होतात. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही. त्या सेकंदात गाडी आणखी २८ ते ३९ मीटर जाते. खानदेशातल्या शेताच्या दोन बांधांमधलं अंतर कित्येकदा याहून कमी असतं.

परवानगी आणि ‘बंद’ हा शब्द

कायद्याची बाजू सोपी नसली तरी स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत घेणं किंवा तीत भाग घेणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ११५ खाली रस्त्यावर वाहनबंदी घालता येते. ती एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्राची गरज नाही, पण स्थानिक पातळीवर शक्य तेवढी प्रसिद्धी द्यावी लागते.

या प्रसिद्धीसाठी आम्ही कष्ट घेतले होते. हँडबिलं वाटली, तीन गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर संदेश टाकले, मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून तीन दिवस पुकारा केला. मजकूर होता: ‘रविवारी सकाळी ८ ते सायंकाळी ५ रस्ता वाहतुकीसाठी बंद राहील.’

हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं आणि त्यात काही खोट असेल असं मला वाटलं नव्हतं. खोट ‘वाहतूक’ या शब्दात होती. गावात वाहतूक म्हणजे एसटी, ट्रक, केळीची गाडी, कापसाचा टेम्पो, रस्त्याने लांबवर जाणारं काहीही. एका शेतातून रस्ता ओलांडून समोरच्या विहिरीवर जाणारा माणूस वाहतूक करत नसतो, तो त्याच्या शेतातच असतो. मधे डांबर आलं म्हणून त्याचं शेत संपत नाही. घटनेनंतर मोटारसायकलवाल्या आप्पांनी हेच मला सांगितलं: त्यांना रस्त्याने जायचंच नव्हतं.

याहून मोठी किंमत मोजलेलं उदाहरण आपल्या देशात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय स्पर्धेच्या एका रॅलीत, टप्पा सुरू असताना एक मोटारसायकल रस्त्यावर आली. गाडीची धडक बसून एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. आमच्या पहिल्या बैठकीत मी या घटनेचा उल्लेख केला होता आणि सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या होत्या. पण तिच्यातून आम्ही शिकलो एवढंच, की रस्त्याला येऊन मिळणाऱ्या वाटा अडवायच्या. माणूस वाटेनेच येईल हे आम्ही गृहीत धरलं.

सदतीस वाटा

टप्पा ११.४ किलोमीटरचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि दोन सहकारी तो पूर्ण चाललो. गाडीतून पाहणी करणं आणि पायी चालणं यांत किती फरक असतो, हे त्या दोन दिवसांत कळलं. गाडीतून आम्ही एकोणीस वाटा मोजल्या होत्या. पायी सदतीस निघाल्या: शिवरस्ते, गाडरस्ते, विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटा, घरांची आवारं, एका म्हसोबाच्या ठाण्याकडची पाऊलवाट. चार गतिरोधक होते, त्यांतले दोन गावकऱ्यांनी स्वतः घातलेले. शाळेपाशी मुलांचा वावर म्हणून सुरुवातीची रेषा शाळेच्या पुढे नेली. दोन लांब सरळ पट्ट्यांवर जुन्या टायरांच्या आणि वाळूच्या पोत्यांच्या आडव्या रांगा लावून गाड्यांना नागमोडी जायला लावलं, म्हणजे वेग तिथे पडेल.

प्रत्येक वाटेवर दोरी, फलक आणि माणूस. कागदावर टप्पा सीलबंद होता.

पण ऑक्टोबरात दोन्ही बाजूंना कापूस उभा होता, छातीएवढा, दाट. त्यातून मोटारसायकल तर दूरच, म्हैसही सहज आली नसती. कपाशीचं शेत म्हणजे भिंत असं आम्ही मनात धरलं आणि चौक्या भिंतींच्या मधल्या दारांवर लावल्या. रॅली जानेवारीत होती. गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात पोचू नये म्हणून फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणीनंतर तीच कपाशी पुढे वाढवू नका, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, काढा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. आमच्या शिवारात शेतकऱ्यांनी ते ऐकलं होतं. जानेवारीत सातव्या किलोमीटरच्या आसपासची सगळी शेतं मोकळी होती. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, जमीन अजून नांगरलेली नाही, वर पाऊल पडेल अशी कडक. सदतीस वाटांचा हिशोब तिथे संपला होता, कारण आता सगळं शेतच वाट झालं होतं.

रेकीच्या दिवशी मी त्या रस्त्याने गेलो होतो. मोकळी शेतं पाहिली. ‘आता प्रेक्षकांना लांबून दिसेल’ एवढाच विचार मनात आला. हे लिहिताना मला जड जातं.

ग्रामसभेतली अट

डिसेंबरात ग्रामसभा झाली. आम्ही परवानगीचे कागद आणि नकाशे घेऊन गेलो होतो. सुरुवातीलाच एक वयस्कर शेतकरी उठले. “रस्ता आमना शे, आन आम्हलेच कोनी इचारं नही.” रस्ता आमचा आणि आम्हालाच कुणी विचारलं नाही. आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी सगळ्यांना विचारून आलो होतो, हे खरंच होतं, आणि त्यांचं म्हणणंही खरं होतं.

पुढे दोन तास बोलणं झालं. शर्यत गावाला नवी नव्हती. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा सशर्त सुरू झाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. हा सगळा प्रवास त्या सभेतल्या लोकांना तारखांसकट माहीत होता. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धाव सरळ असते, अंतर थोडं असतं, माणसं दोन्ही कडांना दाटीने उभी राहतात. त्यामुळे पहिला प्रश्न आला, जागा कुठे धरायची. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायचं नाही, हे पटवायला वेळ लागला, कारण सगळ्यांत चांगलं तिथूनच दिसतं. सुटलेली गाडी नेमकी तिथेच येते. १९८६ मध्ये पोर्तुगालमधल्या रॅलीत गर्दीत गाडी घुसून प्रेक्षक मेले. २०१४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जिम क्लार्क रॅलीत, अशाच बंद केलेल्या डांबरी रस्त्यावर, तीन प्रेक्षक गेले. मी हे सांगितलं तेव्हा सभा शांत झाली.

मग सरपंचबाईंनी अट घातली. प्रत्येक चौकीवर दोन माणसं असतील, त्यांतलं एक गावातलं पाहिजे. क्लबच्या लोकांना ती पसंत नव्हती. प्रशिक्षण नाही, शिस्तीचा भरवसा नाही, असा त्यांचा आक्षेप होता आणि खरं सांगायचं तर माझाही. बाई म्हणाल्या, “तुमचा पोरगा शिट्टी वाजवेल, आमचा पोरगा नावानं हाक मारेल.” आम्ही अट मान्य केली, सभा लवकर संपावी म्हणून. शनिवारी दुपारी चौदा मुलांना चार तास शिकवलं.

याच सभेत आणखी एक बोलणं झालं. सात किलोमीटरपाशी मोरीजवळचं एक वळण आहे, त्याच्या वरच्या अंगाला तीन विहिरी. विहिरीवरची मोटार चालू झाली की एका जुन्या पाइपाच्या सांध्यातून पाणी झिरपतं आणि वळणावर येतं. तिथल्या तिघा शेतकऱ्यांना मी विनंती केली, की त्या दिवशी मोटारीचा ऑटो बंद ठेवा, म्हणजे लाइन आली तरी मोटार आपोआप सुरू होणार नाही. कधीपर्यंत, असं त्यांनी विचारलं. वेळापत्रकाप्रमाणे दुसरी फेरी पावणेबारापर्यंत संपत होती आणि तिसरी दोनला होती. मी म्हणालो, बारापर्यंत. मधल्या दोन तासांत भिजवून घ्या. तिघांनी मान्य केलं.

त्या दिवशी

पहिली फेरी नऊला सुरू झाली. बावीस गाड्या. पहिल्या क्रमांकाची वेळ ६ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे ताशी १०० किलोमीटर सरासरी. पावणेचार मीटरच्या रस्त्यावर हा आकडा मोठा आहे. धावणाऱ्या गाडीचा आवाज आधी पोचायचा, मग बांधावरचे बगळे उडायचे, मग गाडी. मला हा खेळ आवडतो आणि त्या सकाळी मी फार आनंदात होतो.

मोरीच्या वळणावर पहिल्या सहा गाड्यांनी साइडपट्टीची माती डांबरावर आणली. सातवी गाडी त्यावर घसरून पाटचारीत गेली. दोघेही सुखरूप बाहेर आले. फेरी संपल्यावर गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली, झाडूने रस्ता साफ केला, मोरीचा कठडा तपासला. यात पंचेचाळीस मिनिटं गेली. दुसरी फेरी पावणेअकराऐवजी साडेअकराला सुटली.

हा उशीर वायरलेसवर सगळ्यांना कळवला: चौक्या, रुग्णवाहिका, वेळ नोंदवणारे, चालक, पोलीस. मोरीवरच्या तीन शेतकऱ्यांना कुणी कळवलं नाही. त्यांची नावं कुठल्याच यादीत नव्हती. त्यांना ‘बारा’ हा शब्द मी तोंडी दिला होता आणि तो फक्त माझ्या डोक्यात होता.

लाइन ११.५२ ला आली. त्या तिघांपैकी आप्पांनी बारा वाजेपर्यंत वाट पाहिली. ऑटो बंद असल्यामुळे मोटार हाताने सुरू करायला जाणं भाग होतं. ते भावकीच्या मोकळ्या शेतातून मोटारसायकलने निघाले, समोरच्या विहिरीकडे. आवाज येत होता, पण सकाळपासून आवाज येतच होते.

नऊ क्रमांकाची चौकी ७.३ किलोमीटरवर. तिथल्या गावातल्या पोराने, वय एकोणीस, शेताच्या पार टोकाला मोटारसायकल पाहिली. अंतर तीनशे मीटरच्या आसपास. मोटारसायकल ताशी पंचविसाने येत असेल तर रस्त्यापर्यंत त्रेचाळीस सेकंद. सोळावी गाडी त्या क्षणी सव्वा किलोमीटरच्या आत होती, तिलाही तेवढाच वेळ लागणार होता.

लाल झेंडा फक्त वायरलेस असलेल्या चौक्यांवर दाखवायचा आणि तोही नियंत्रण कक्षाचा आदेश आल्यावर, असा नियम आहे. तो बरोबरही आहे, कारण कुणीही मनाने झेंडा दाखवू लागलं तर गोंधळ होतो. वायरलेस सात आणि अकरा क्रमांकाच्या चौक्यांवर होता, नऊवर नव्हता. त्या चौकीवरचा क्लबचा अनुभवी मार्शल फोन लावू लागला. पोराने फोन, झेंडा, शिट्टी काहीच वापरलं नाही. तो शेतात मोटारसायकलच्या दिशेने धावत सुटला. “आप्पा! अठेच थांबा! आप्पा!” शिट्ट्या सकाळपासून शिवारभर वाजत होत्या. आपल्या नावाची हाक एकदाच आली. आप्पा थांबले, रस्त्यापासून पन्नास-साठ पावलांवर. गाडी समोरून निघून गेली. चालकाला शेतातला धावणारा पोरगा दिसला होता, त्याने पुढे जाऊन वेग कमी केला.

नियंत्रण कक्षात मला निरोप मिळाला तेव्हा जवळजवळ एक मिनिट होऊन गेलं होतं. झेंड्याचा आदेश दिला आणि सात क्रमांकावर तो दाखवला गेला, सतरावी गाडी तिथे पोचायच्या जेमतेम पंधरा-वीस सेकंद आधी. म्हणजे आमची यंत्रणा चालली आणि व्यवस्थित चालली, पण सोळाव्या गाडीसाठी नाही.

मी तिथे पोचलो तेव्हा आप्पा बांधावर, पऱ्हाट्यांच्या ढिगापाशी बसले होते. रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. “तुम्हीनच सांगेल व्हतं ना, बारापावत. मी बारानंतरच निंघनू.” तुम्हीच बारापर्यंत म्हणाला होता, मी बारानंतरच निघालो.

त्यांनी शब्द पाळला होता. मोडला आम्ही.

निर्णय

दुसरी फेरी तिथेच थांबवली. ज्या गाड्या धावायच्या राहिल्या त्यांना नियमाप्रमाणे अंदाजित वेळ दिली. प्रश्न दोनच्या आणि साडेतीनच्या फेऱ्यांचा होता. कसून बोलणं झालं. चालकांची बाजू हलकी नव्हती. कुणी कर्ज काढून गाडी उभी केली होती, कुणी हजार किलोमीटरवरून ट्रकवर गाडी आणली होती. अपघात झालेला नाही, आता तीनही शेतकऱ्यांना सांगू, नऊवर वायरलेस देऊ, मग अडचण काय, असं त्यांचं म्हणणं.

माझं उत्तर असं होतं, की ज्या तिघांशी मी बोललो होतो त्यांच्यापैकी एक रस्त्यावर येता येता राहिला. ज्यांच्याशी बोललोच नाही असे किती आहेत ते मला माहीत नाही. लाइन आत्ताच आली आहे, ती संध्याकाळपर्यंत असेल, आणि सकाळी वीज नसल्याने प्रत्येकाचं भिजवणं तुंबलेलं आहे. दुपारी या शिवारात सकाळपेक्षा जास्त माणसं हलणार. पोलीसपाटलांना विचारलं, तर त्यांनी उभ्या-उभ्या बोटांवर विहिरी मोजायला सुरुवात केली आणि पंधराच्या पुढे गेल्यावर थांबून माझ्याकडे पाहिलं. स्पर्धा-प्रमुखांनी त्यानंतर चर्चा वाढवली नाही. उरलेल्या फेऱ्या रद्द झाल्या आणि निकाल दोन फेऱ्यांवर लागला.

१९०३ मध्ये पॅरिस–माद्रिद शर्यत बोर्डोला थांबवण्यात आली, तेव्हा रस्त्यावर चालक आणि प्रेक्षक आधीच मेलेले होते. त्याच वर्षी जुलैत आयर्लंडमध्ये गॉर्डन बेनेट शर्यत झाली, त्यासाठी ब्रिटिश संसदेने खास कायदा केला आणि रस्ते बंद केले. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत घ्यायची तर रस्ता आधी बंद करायचा, ही पद्धत तेव्हापासून रुजत गेली. आयर्लंडमध्ये आजही आयोजक टप्प्यावरच्या घराघरात जाऊन वेळ सांगतात. मी हे वाचलेलं होतं. पण ‘घर’ या शब्दाने माझी फसगत केली. आमच्या टप्प्याच्या मधल्या सहा किलोमीटरवर घर एकही नाही. तिथे विहिरी आहेत, आणि माणूस घराशी जेवढा बांधलेला असतो तेवढाच विहिरीशी.

नंतर

मार्चमध्ये, गहू काढणीच्या आधी, आम्ही पुन्हा चाललो. या वेळी सोबत पोलीसपाटील, तो चौकीवरचा पोरगा आणि आप्पा. वाटा मोजल्या नाहीत, विहिरी आणि बोअर मोजले. टप्प्याला लागून तेवीस निघाले. प्रत्येकाचा मालक कोण, त्याचं शेत रस्त्याच्या कुठल्या बाजूला, घरून तो कुठून येतो, ऑटो आहे का, पाइप रस्त्याखालून जातो का, हे लिहिलं. मोरीजवळचा गळका सांधा क्लबच्या खर्चाने बदलला, आणि कापलेल्या साइडपट्ट्यांवर मुरूम टाकून दाबून घेतला.

नव्या आराखड्यात टप्पा ६.४ किलोमीटरचा आहे. प्रत्येक चौकीवर वायरलेस, आणि चौकीवरच्या माणसाला स्वतःच्या जबाबदारीवर झेंडा दाखवायची मुभा, मागून जाब विचारला जाईल या अटीवर. क्लबमधल्या जुन्या मंडळींना हे अजून पटलेलं नाही आणि त्यांची भीती मी खोटी म्हणत नाही. फीडरवर रात्रीची लाइन असेल तोच दिवस निवडायचा. फेऱ्या सकाळी आठ ते साडेनऊ, बस. मजूर बाया कापूस वेचायला सातलाच रानात जातात, त्यांना परतीची घाई नसते. उशीर झाला तर फेरी पुढे ढकलायची नाही, रद्द करायची. पाहणी रॅलीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा करायची, पीक कुठे उभं आहे आणि कुठे निघालं आहे ते पाहण्यासाठी.

हँडबिलाचा मजकूर आप्पांनी सांगितला तसा लिहिला आहे: ‘रस्त्याने जाऊ नका, रस्ता ओलांडू नका, बांधाच्या पुढे येऊ नका.’ परवानगीचा अर्ज अजून दिलेला नाही, तो ग्रामसभेनंतर द्यायचा ठरलं आहे.

विहिरींच्या यादीत एक रकाना आहे, ‘मोटार कधी सुरू करायची’. आधी मी तिथे वेळा लिहिल्या होत्या. पोलीसपाटलांनी त्या खोडायला लावल्या. आता तेवीस विहिरींपुढे एकच मजकूर आहे, एकोणिसाव्या, आप्पांच्या विहिरीपुढेही तोच: ‘भोंग्यावर पुकारा झाल्यावर.’